न वाढणाऱ्या जंतूचे दप्तर

पनवेल स्थानकाचा गजबजाट आणि सुकापूरची दाटी मागे टाकून जो रस्ता माथेरानच्या डोंगररांगेकडे निघतो, त्या रस्त्यावर नेरे हे गाव आहे. एके काळी भातखाचरे, गाढी नदीचे पात्र आणि डोंगरातून बाजाराला उतरणारे ठाकर-कातकरी एवढीच ज्याची ओळख सांगता आली असती, त्या या गावाला आता सिडकोच्या ‘नैना’ नामक नियोजित शहराच्या हद्दीने वेढले आहे. सातबाऱ्यावरच्या जमिनींचे भाव ऐकून जुन्या माणसांनी कानावर हात ठेवावेत, अशी तिथली स्थिती आहे. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी धबधब्यांच्या ओढीने या रस्त्याने मोटारी धावतात. त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असते, की वाटेवरचे शांतिवन हे आश्रमवजा स्थान कुष्ठरोग निवारण समितीचे आहे, आणि ज्या व्याधीचे नाव काढताच आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने शिवेबाहेरचा रस्ता दाखवला, त्या व्याधीने ग्रासलेल्या माणसांना येथे अनेक दशके आसरा आणि उपचार मिळत आले आहेत. आज तेथे वृद्धाश्रम आहे, निसर्गोपचार केंद्र आहे. परंतु संस्थेचे नाव जे आहे तेच आहे, आणि ते बदलावे असे तिला वाटले नाही, याबद्दल प्रस्तुत लेखकाला तिचे कौतुक वाटते.

सूक्ष्मजीवांचा जनुकसंच वाचण्याचे जे नवे शास्त्र गेल्या तीस वर्षांत उभे राहिले, त्याची हकीकत सांगण्यासाठी नेऱ्यासारख्या गावी यावे, हे वाचकाला चमत्कारिक वाटेल. जनुकवाचनाची यंत्रे येथे नाहीत. आहे ती जनुकवाचनाच्या कितीतरी आधीची पायरी, आणि तिच्यावाचून पुढचे सारे हवेत राहते. ती पायरी म्हणजे रुग्ण शोधणे. घरोघर जाऊन, उजेडात उभे करून, पाठीवर, दंडावर, मांडीवर एखादा फिकट किंवा तांबूस चट्टा आहे काय ते पाहणे. तो आढळल्यास डोळे मिटायला सांगून पिसाने वा कापसाच्या धाग्याने स्पर्श करून ‘समजले का’ असे विचारणे. कोपराच्या मागे आणि गुडघ्याच्या बाजूला बोटे फिरवून मज्जातंतू जाड झाला आहे की नाही ते चाचपणे. या कामाला यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ आणि माणसाला उघडे पडल्यासारखे न वाटू देण्याची कला.

संशय बळावला, की चामडीचा नमुना घेतला जातो, आणि ही कृती जवळून पाहण्यासारखी आहे. तंत्रज्ञ रुग्णाच्या कानाची पाळी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत इतकी घट्ट दाबतो की तिच्यातील रक्त ओसरून ती पांढरी पडते. मग पात्याने सुमारे पाच मिलिमीटर लांब आणि दोन-तीन मिलिमीटर खोल चीर देतो, पाते तसेच काटकोनात वळवून चिरेची कड खरवडतो आणि पात्यावर आलेला तो करडसर रस काचपट्टीवर वर्तुळाकार पसरतो. चिमटी सैल पडली तर रक्त येते आणि नमुना बिघडतो. काचपट्टी ज्योतीवर शेकायची, लालभडक कार्बोल फुक्सिन ओतून खालून वाफ येईपर्यंत तापवायची, आम्लाने धुवायची, मग निळ्या रंगात बुडवायची. सूक्ष्मदर्शकाखाली जे निळे ते माणसाचे, आणि आम्लालाही दाद न देता जे लाल राहिले ते कुष्ठजंतू. एकेकटे नव्हे, पुष्कळदा जुड्याच्या जुड्या बांधल्यासारखे. पाळीच का, तर या जंतूला थंडावा मानवतो. शरीराच्या गाभ्यापेक्षा कान, नाक, हातपायांची टोके आणि कातडीलगतचे मज्जातंतू यांतच तो वस्ती करतो.

हा जंतू नॉर्वेमधील बर्गेन येथे गेऱ्हार्ड हान्सेन याने 1873 साली पाहिला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखला सापडला तो 1882 मध्ये, म्हणजे त्यानंतर नऊ वर्षांनी. परंतु क्षयाचा जंतू लवकरच प्रयोगशाळेच्या बशीत वाढू लागला आणि त्याच्यावरील संशोधनाचा प्रवाह अखंड वाहिला. कुष्ठजंतूने मात्र आजतागायत कोणत्याही कृत्रिम माध्यमात वाढण्यास नकार दिला आहे. ज्याला वाढवता येत नाही, त्याच्यावर औषध कसे तपासायचे, लस कशी करायची, तो एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो ते कसे शोधायचे? बाबा आमटे यांनी या जंतूच्या वाढीच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले, असे जे सांगितले जाते, त्यामागे हीच अडचण होती. 1960 मध्ये अमेरिकेत शेपर्ड याने उंदराच्या पायाच्या तळव्यात, कारण तळवा थंड असतो, हा जंतू थोडाफार वाढवून दाखवला, आणि 1971 मध्ये आर्माडिलो या कवचधारी प्राण्यात तो भरपूर वाढतो असे आढळले. तरीही एका जंतूचे दोन व्हायला सुमारे चौदा दिवस लागतात. आपल्या आतड्यातील सामान्य जीवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, हे लक्षात घेतले म्हणजे उंदराच्या तळव्यावरील एका प्रयोगासाठी वर्षभर का थांबावे लागते ते कळते.

या कोंडीत मुंबईने जे केले ते आपल्याकडे पुरेसे सांगितले जात नाही. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे संस्थापक डॉ. वसंतराव खानोलकर कर्करोगाइतकेच कुष्ठरोगातील मज्जातंतूंच्या विकृतीतही रमलेले होते. त्यांच्याच संस्थेत, पुण्याच्या हुजूरपागेतून शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1958 मध्ये कुष्ठरुग्णाच्या गाठींतून एक जंतू वाढवला. संस्थेच्या नावावरून त्याला ‘आयसीआरसी’ जंतू म्हणतात. तो खरा कुष्ठजंतू की त्याच्या शेजारचा दुसराच कोणी, यावर पुष्कळ वाद झाला, आणि पुढील तपासण्यांनी त्याला एव्हियम-इंट्रासेल्युलेर नावाच्या वेगळ्या गटात बसवले. परंतु शास्त्रात चुकीच्या पत्त्यावर गेलेले टपालही कधी कधी उपयोगी पडते. याच जंतूपासून डॉ. माधव देव यांनी 1979 मध्ये लस सिद्ध केली, आणि दक्षिण भारतातील मोठ्या तुलनात्मक चाचणीत, जिचा निष्कर्ष डॉ. मोहन गुप्ते व सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केला, या लसीने 65.5 टक्के संरक्षण दिले. मृत कुष्ठजंतू आणि बीसीजी यांच्या मिश्रणाने 64 टक्के. ज्या काळी जंतूची ओळख पटवायची तर त्याचे खाणेपिणे, रंग आणि वाढीचा वेग एवढ्यावरच विसंबावे लागे, त्या काळचे हे काम आहे. जनुकवाचन हाताशी असते तर तो वाद चार दशके चालला नसता, एवढे म्हणता येईल.

जनुकवाचनाने काय केले ते आता पाहू. 2001 च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील स्टुअर्ट कोल आणि केंब्रिजजवळच्या सँगर सेंटरमधील त्यांचे सहकारी यांनी कुष्ठजंतूचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यासाठी घेतलेला वाण मूळचा एका भारतीय रुग्णाचा, तामिळनाडूतला. म्हणूनच त्याला ‘टीएन’ हे नाव आहे, आणि जगातला प्रत्येक कुष्ठजंतू आजही त्याच्याशी ताडून पाहिला जातो. त्याच्या जनुकसंचात 32 लाख 68 हजार 203 अक्षरे आहेत. क्षयजंतूचा जनुकसंच तीन वर्षे आधी वाचला गेला होता. त्यात 44 लाखांवर अक्षरे आणि सुमारे चार हजार जनुके. कुष्ठजंतूत चालू जनुके निघाली अवघी सोळाशेच्या आसपास, आणि त्याखेरीज 1,116 जनुके अशी, की ज्यांची जागा ओळखता येते, शेजार जुळतो, शब्दही बहुतांशी तेच आहेत, परंतु मध्येच अक्षरे गळून वा घुसून ती निकामी झाली आहेत. एखाद्या जुन्या इनामदार घराण्याचे दप्तर उघडावे, सनदा, फर्माने, गावनिहाय वसुलाच्या याद्या साऱ्या जागच्या जागी असाव्यात, आणि चौकशी करता कळावे की पुष्कळ गावांवर आता वहिवाट उरलेली नाही, तसा हा प्रकार आहे. संपूर्ण जनुकसंचापैकी निम्म्याहूनही कमी भागावर आज चालू जनुके आहेत.

हे दप्तर वाचताना सव्वाशे वर्षांच्या कोड्याचे उत्तर हाती लागले. श्वसनासाठी, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढण्यासाठी, क्षयजंतूकडे जी जनुकांची एक संपूर्ण रांग आहे ती येथे नाहीशी झालेली आहे. लोह ओढून घेणाऱ्या रेणूची जनुके गेली. अनेक प्रकारचे अन्न पचवण्याची साधने गेली. माणसाच्या मज्जातंतूभोवतालच्या पेशीत सारे आयते मिळत असल्यामुळे पिढ्यानुपिढ्या ज्याचे काम पडले नाही ते झिजत गेले, आणि जंतू इतका परावलंबी झाला की त्याला आता बाहेर जगताच येत नाही. बशीत न वाढण्याचा दोष बशीचा नव्हता.

दुसरा एक लाभ मला अधिक मनोवेधक वाटतो. क्षयावर आयसोनियाझिड हे औषध रामबाण ठरले, परंतु कुष्ठरोगावर ते चालले नाही, हा वैद्यांचा अनुभव होता. आयसोनियाझिड गिळले तेव्हा निष्क्रिय असते. जंतूच्याच पोटातील ‘कॅटजी’ या जनुकाचे विकर त्याला धार लावते, आणि ती धार जंतूच्या मुळावर येते. कुष्ठजंतूत नेमके हेच जनुक मेलेल्यांच्या यादीत आहे. जंतूची दुर्बलताच त्याच्या कवचासारखी उपयोगी पडली, हा निसर्गाचा विनोद म्हणावा लागेल.

आता हे वाचन प्रत्यक्षात होते कसे? रुग्णाच्या त्वचेचा कणभर तुकडा अल्कोहोलात बुडवून प्रयोगशाळेकडे रवाना होतो. त्यातील डीएनए काढला तर त्यात माणसाचा डीएनए प्रचंड आणि जंतूचा लेशमात्र. म्हणून कुष्ठजंतूच्या अक्षरक्रमाशी जुळणारे गळ टाकून तेवढाच भाग ओढून घ्यावा लागतो. यंत्र वाचते तेही एकसंध नव्हे. शे-दीडशे अक्षरांचे लाखो तुकडे ते संगणकाच्या हवाली करते. येथून पुढचे काम जैवमाहितीशास्त्राचे, आणि ते डोळ्यांत तेल घालून करण्याचे. प्रत्येक तुकडा टीएन वाणाच्या संदर्भक्रमावर कोठे बसतो ते ठरवायचे. एकाच जागी पंचवीस-तीस तुकडे येऊन बसले आणि त्या सर्वांत ‘ए’ ऐवजी ‘जी’ आढळले तर तो खरा बदल. दोन-चारांतच आढळले तर यंत्राची चूक, किंवा डीएनए जुनाट असल्याची खूण. त्यातच या जंतूत एक तुकडा सदतीस ठिकाणी थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा आलेला आहे. त्या पुनरुक्तीमुळे तो निदानाच्या चाचणीत फार सोयीचा, कारण एकाच जंतूत सदतीस लक्ष्ये मिळतात. परंतु क्रम जुळवताना तोच संगणकाला चकवा देतो, म्हणून असे भाग हिशेबातून वगळण्याचा शिरस्ता आहे. उरलेल्या बदलांवरून कोणता वाण कोणाच्या जवळचा याची वंशावळ काढली जाते. करोनाच्या काळात ‘जिनोम सिक्वेन्सिंग’ हे शब्द वर्तमानपत्रांतून घरोघर पोचले. त्यामागची कारागिरी हीच. मात्र करोनाचा विषाणू महिन्यागणिक रूप पालटत होता. कुष्ठजंतूचे तसे नाही. 2009 मध्ये भारत, ब्राझील, थायलंड आणि अमेरिका येथील चार वाण शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा ते 99.995 टक्के एकसारखे निघाले.

तथापि, उरलेल्या त्या किंचित फरकातच मानवाच्या भटकंतीचा नकाशा दडलेला होता. वाणांचे चार मुख्य प्रकार आणि सोळा उपप्रकार ठरले. पहिला प्रकार मुख्यत्वे आशियात, तिसरा युरोप, उत्तर आफ्रिका आणि अमेरिका खंडांत, चौथा पश्चिम आफ्रिकेत आणि तेथून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियन बेटांत. भारतात पहिल्या प्रकाराचा ‘1डी’ हा उपप्रकार प्राधान्याने आढळतो. 2013 मध्ये युरोपातील मध्ययुगीन सांगाड्यांतून कुष्ठजंतूचे जनुकसंच वाचले गेले, आणि 2016 मध्ये इंग्लंडच्या एका बेटावरील तांबड्या खारींमध्ये मध्ययुगीन वाणाचाच वंशज जिवंत सापडला. जो देश आपल्याकडून हा रोग शतकांपूर्वी गेला असे समजत होता, त्याच्या झाडांवर तो खेळत होता. आपल्याकडची साक्ष याहून जुनी आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांच्या नेतृत्वाखाली जे उत्खनन झाले, त्यातील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाच्या कवटीवर आणि हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला गोवऱ्यांच्या राखेत पुरलेले होते. सुश्रुताने या रोगावर तुवरकाचे तेल सांगितले, त्याच्याही शतकानुशतके आधीचा हा रुग्ण.

पुन्हा नेऱ्याकडे वळतो. शल्यविशारद डॉ. नोशीर अंतिया यांनी 1975 मध्ये स्थापन केलेल्या मुंबईतील फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत डॉ. वनजा शेट्टी यांनी उंदराच्या तळव्याची ती चिकाटीची पद्धत वर्षानुवर्षे चालवली. त्यांनी आणि शांतिवनाचे डॉ. उदय ठाकर व इतर सहकाऱ्यांनी मिळून महाराष्ट्रातील एका ग्रामीण आणि एका शहरी क्षेत्रात पाहणी केली, तिचा वृत्तान्त ‘लेप्रसी रिव्ह्यू’मध्ये 2009 मध्ये आला. विषय होता आजवर कोणाच्याही दप्तरी न नोंदलेले रुग्ण. आणि ते आढळले. या तारखेला महत्त्व आहे. 2005 च्या अखेरीस केंद्र सरकारने कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले होते, म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या देशपातळीवर पूर्ण झाली होती. घोषणा झाली, खास कुष्ठसेवकांची यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन होत गेली, घरोघरचा शोध मंदावला. शोध मंदावला की आकडा उतरतो, यासाठी संगणकाची आवश्यकता नाही.

याच मुंबईच्या संस्थेतील डॉ. नर्गिस मिस्त्री, त्यांच्या सहकारी आणि अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या वरलक्ष्मी विसा यांनी 2012 मध्ये महाराष्ट्राच्या ग्रामीण आणि शहरी रुग्णांतील कुष्ठजंतूंचे वाण कसे विभागलेले आहेत, यावर निबंध प्रसिद्ध केला. संपूर्ण जनुकसंच न वाचता त्यातील काही निवडक जागा, जेथे एकच छोटा अक्षरगट कोठे आठ वेळा तर कोठे अकरा वेळा येतो, तेवढ्याच मोजून वाण ओळखण्याची ही पद्धत आहे. एका घरात दोघांना रोग असेल तर दोघांचा वाण एकच काय? एका पाड्यातला वाण शेजारच्या पाड्यात आहे काय? रोग झालेला माणूस पाच वर्षांनी, कधी वीस वर्षांनी लक्षण दाखवतो. तोवर त्याला स्वतःलाही आठवत नाही की तो तेव्हा कोठे राहत होता आणि कोणासोबत जेवत होता. अशा ठिकाणी जंतूचीच साक्ष काढणे हाच मार्ग उरतो. पश्चिम बंगालातील पुरुलिया येथे रुग्णांच्या वस्तीतील मातीतही कुष्ठजंतूचा डीएनए आढळला आहे, आणि तो रुग्णांतील वाणाशी जुळला आहे. त्यावरून माती हेही एक ठिकाण असावे काय, असा नवा खटला उभा राहिला. डीएनए सापडणे आणि जिवंत जंतू सापडणे या भिन्न गोष्टी आहेत, म्हणून त्याचा निकाल घाईने देऊ नये.

औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंच्या बाबतीत मात्र वाचनाचा उपयोग निर्विवाद आहे. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये केली, ती एकटे डॅप्सोन देऊन देऊन जंतू निर्ढावले होते म्हणून. पूर्वी असा निर्ढावलेला जंतू ओळखायचा म्हणजे उंदराचे तळवे आणि एक वर्ष. आता ‘आरपीओबी’, ‘फोल्पी-1’ आणि ‘जायरए’ या तीन जनुकांतील मोजक्या जागा वाचल्या, की काही दिवसांत उत्तर मिळते. क्षयाच्या बाबतीत मुंबईने या दिशेने पुष्कळ मजल मारली आहे. फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च आणि हिंदुजा रुग्णालय हे दोघेही ऑक्सफर्डच्या पुढाकाराने चाललेल्या जागतिक क्षयजनुक-प्रकल्पात सहभागी होते. कुष्ठरोगाच्या वाट्याला तेवढा पैसा आला नाही. गरिबांच्या रोगांतही उतरंड असते.

माझे मत स्पष्टपणे नोंदवतो. जगात दरवर्षी जितके नवे कुष्ठरुग्ण सापडतात त्यांतील निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. करोनाची वर्षे सोडली तर हा आकडा एक लाखाच्या वर राहिला आहे. असे असताना वाचल्या गेलेल्या जनुकसंचांत आपला वाटा त्या प्रमाणात असायला हवा होता, आणि वाचनाचे केंद्र पॅरिस-लोझानसारख्या युरोपीय शहरांऐवजी पुण्या-मुंबईत असायला हवे होते. यंत्रे आपल्याकडे आहेत, संगणक आहेत, गणित जाणणारी मुले तर विपुल आहेत. कमतरता आहे ती त्या माणसाची, जो वाडीवस्तीवर जाऊन चट्टा ओळखतो, कानाची पाळी नीट दाबतो, काचपट्टीवर क्रमांक न चुकता घालतो. त्याच्या जागा रिक्त ठेवून जनुकप्रयोगशाळेचे उद्घाटन करणे म्हणजे वसुली कारकून काढून टाकून हिशेबतपासनीस वाढवणे होय. जनुकसंचाची फाइल कितीही शुद्ध असली, तरी तिच्या कपाळी गाव, घर आणि तारीख लिहिलेली नसेल तर साथीच्या शास्त्राला तिचा उपयोग नाही. आणि ते तीन शब्द नेऱ्यासारख्या गावीच लिहिले जातात.

कायद्याच्या पुस्तकातली घाण आता बरीचशी धुतली गेली आहे. 1898 चा लेपर्स अ‍ॅक्ट 2016 मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूद 2019 मध्ये गेली. घराघरांतील मनाचा कायदा बदलायला वेळ लागेल, तोवर एक साधी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. अंगावर फिकट वा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल आणि त्यावर स्पर्श समजत नसेल, तर मलमे लावीत न बसता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात दाखवावे. उपचार सहा महिन्यांचा किंवा एक वर्षाचा आहे, औषध सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते, आणि ते सुरू होताच दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता झपाट्याने मावळते. आशाताई दारात येऊन ‘पाठ दाखवा’ म्हणाल्या, तर त्यांना परत पाठवू नये.